नव्या एसएसडीवर उबुंटू हलवल्यानंतर नुसता ‘ग्रब>’ दिसतो: कडी कुठे तुटली ते ओळखून दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉपमधल्या जुन्या हार्ड डिस्कवर उबुंटू २४.०४ होते. नवी एनव्हीएमई एसएसडी बसवली, तिच्यावर नवी पार्टिशने पाडली, आरसिंक या नक्कल करणाऱ्या कमांडने सगळ्या फाइली तिकडे नेल्या आणि जुनी डिस्क काढून ठेवली. आता मशीन सुरू केल्यावर मेन्यू येत नाही. काळ्या पडद्यावर ‘मिनिमल बॅश-लाइक लाइन एडिटिंग’ची इंग्रजी सूचना आणि तिच्याखाली ‘ग्रब>’ एवढेच दिसते. लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या उबुंटूतून) ग्रब, म्हणजे उबुंटू सुरू करून देणारा बूटलोडर, पुन्हा बसवणारी ग्रब-इन्स्टॉल ही कमांड चालवली, तर ‘/काऊ’चा कॅनॉनिकल पाथ मिळत नाही असा एरर आला. डेटा गेला का? सगळे नव्याने इन्स्टॉल करावे लागेल का?

डेटा जागेवर आहे आणि नव्याने इन्स्टॉल करण्याची गरज नाही. बिघाड दोन-तीन मजकुरी फाइलींतल्या काही अक्षरांपुरता आहे. पण दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी साखळीची नेमकी कोणती कडी तुटली आहे ते पाहा. कुठून तरी मिळालेल्या दहा कमांड ओळीने चालवल्या की मूळ एक बिघाड असतो त्याचे तीन होतात, आणि मग कोणता आधीचा व कोणता आपण केलेला, हे कळेनासे होते.

एक सूचना आधीच देतो. इथे कमांड आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत लिहायची. ईएफआय हा फोल्डर आणि त्यातली काही नावे सोडली तर सगळे लहान अक्षरांत. माउंट काढण्याच्या ‘युमाउंट’ या कमांडमध्ये ‘यू’नंतर ‘एन’ नसतो. तिथे हमखास चुकते.

यूईएफआय, म्हणजे जुन्या बायोसची जागा घेतलेले फर्मवेअर, असलेल्या मशीनवर उबुंटू असे सुरू होते. मदरबोर्डवरचे फर्मवेअर आपल्या स्मृतीतली बूट एन्ट्री वाचते. त्या एन्ट्रीत ईएफआय सिस्टिम पार्टिशनचा, म्हणजे ईएसपीचा, ओळख क्रमांक आणि शिम या सही केलेल्या छोट्या बूट प्रोग्रॅमच्या फाइलीचा पत्ता असतो. शिम ग्रबला उठवते. ग्रब ईएसपीवरच्या ‘ईएफआय/उबुंटू’ या फोल्डरमधली छोटी ग्रब.सीएफजी वाचते. ती छोटी फाइल मुख्य पार्टिशनवरच्या मोठ्या ग्रब.सीएफजीकडे बोट दाखवते. मेन्यू मोठ्या फाइलीतून येतो, मेन्यूतून कर्नल (लिनक्सचा मुख्य प्रोग्रॅम) आणि इनिटआरडी (सुरुवातीपुरती लागणारी छोटी फाइल सिस्टिम) मेमरीत येतात, इनिटआरडी मुख्य पार्टिशन शोधून जोडते, आणि शेवटी सिस्टिमडी (बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) एफएसटॅब (कोणते पार्टिशन कुठे जोडायचे याची यादी) वाचून बाकीची पार्टिशने जोडते.

पडद्यावर काय दिसते त्यावरून कडी ओळखता येते. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आले तर बिघाड ग्रबच्या आधी आहे, फर्मवेअरच्या एन्ट्रीत किंवा ईएसपीत. ‘ग्रब रेस्क्यू>’ आले तर ग्रबचा गाभा उठला, पण त्याला स्वतःची मॉड्यूल सापडली नाहीत. नुसते ‘ग्रब>’ आले तर ग्रब धडधाकट आहे, फक्त मोठी ग्रब.सीएफजी सापडलेली नाही. ‘(इनिटरॅमएफएस)’ आले तर कर्नलही उठले, मुख्य पार्टिशन मिळाले नाही. आणि ‘इमर्जन्सी मोड’ आला तर बूटलोडरचा काही दोष नाही, एफएसटॅब तपासा. तुमचे चिन्ह तिसरे आहे. शिम, ग्रब आणि ईएसपी तिन्ही चालू आहेत.

छोटी ग्रब.सीएफजी तीनच ओळींची असते. पहिल्या ओळीत ‘सर्च.एफएस_यूयूआयडी’ आणि त्यापुढे मुख्य पार्टिशनचा यूयूआयडी. दुसरी ओळ प्रीफिक्स ठरवते, ‘/बूट/ग्रब’. तिसरी ‘कॉन्फिगफाइल’ने मोठी फाइल उघडते. यूयूआयडी म्हणजे पार्टिशन फॉरमॅट करताना फाइल सिस्टिमला मिळालेला क्रमांक. तुम्ही एसएसडीवर नवे फॉरमॅट केले, म्हणून नवा क्रमांक मिळाला. आरसिंकने मात्र छोटी फाइल जशीच्या तशी नेली, जुन्या क्रमांकासह. ग्रब तो क्रमांक शोधते, सापडत नाही, ‘नो सच डिव्हाइस’ अशी ओळ क्षणभर चमकून जाते आणि ग्रब तुमच्या हुकमाची वाट बघत थांबते.

हाच जुना क्रमांक आणखी निदान दोन ठिकाणी बसलेला आहे. एक मोठी ग्रब.सीएफजी, दुसरे /ईटीसी/एफएसटॅब. स्वॅप (मेमरीला जोड म्हणून वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वेगळ्या पार्टिशनवर असेल तर /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम ही तिसरी जागा, आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर /ईटीसी/क्रिप्टटॅब ही चौथी. म्हणून फक्त ग्रब-इन्स्टॉल करून भागत नाही. त्याने छोटी फाइल सुधारते, मेन्यू दिसतो, आनंद होतो आणि पुढच्याच पायरीला मशीन ‘(इनिटरॅमएफएस)’वर अडकते.

आता ‘ग्रब>’वरच थोडी पाहणी करा. इथे काही लिहिले जात नाही, फक्त वाचले जाते. त्यामुळे निर्धास्त राहा. पहिली कमांड:

सेट पेजर=१

यामुळे लांब मजकूर पानापानाने दिसतो. मग नुसते ‘एलएस’ द्या. (एचडी०), (एचडी०,जीपीटी१), (एचडी०,जीपीटी२) अशी यादी येईल. डिस्कचे क्रमांक शून्यापासून आणि पार्टिशनचे एकपासून सुरू होतात. पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर बऱ्याचदा तोच एचडी० होतो आणि तुमची एसएसडी एचडी१ बनते. पाहणी करताना पेन ड्राइव्ह काढून ठेवा. पुढे ‘एलएस (एचडी०,जीपीटी२)’ असे, शेवटी तिरकी रेघ न देता लिहिले तर त्या पार्टिशनची फाइल सिस्टिम आणि यूयूआयडी दिसतो. शेवटी तिरकी रेघ दिली तर आतली फोल्डर दिसतात. ईटीसी, होम, यूएसआर, व्हीएआर दिसले की ते मुख्य पार्टिशन.

आता छोटी फाइल समोर आणा:

कॅट (एचडी०,जीपीटी१)/ईएफआय/उबुंटू/ग्रब.सीएफजी

पहिल्या ओळीतला क्रमांक आणि आत्ता एलएसने दाखवलेला क्रमांक ताडून पाहा. वेगळे निघाले तर निदान पक्के झाले. मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, ते दोन आकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. फाइल सापडलीच नाही तर ईएसपीची नक्कल अर्धवट आहे. आरसिंकला एकाच फाइल सिस्टिमपुरते राहण्याचा ‘-एक्स’ हा पर्याय दिला असेल तर /बूट/ईएफआयमधले काहीच आलेले नसते.

इथूनच हाताने बूटही करता येते:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)
लिनक्स /बूट/व्हीएमलिनुझ रूट=/डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ आरओ
इनिटआरडी /बूट/इनिटआरडी.आयएमजी
बूट

फाइलीचे नाव अर्धे लिहून टॅब दाबले तर पुरे होते आणि हाताला जास्त कर्नल लागले तर त्यांची यादी येते. कर्नल आणि इनिटआरडी एकाच आवृत्तीचे निवडा. क्रम याच प्रकारे ठेवा. लिनक्सच्या आधी इनिटआरडी दिली तर ‘आधी कर्नल लोड करा’ असा एरर येतो. ‘रूट’ हा शब्द इथे दोन अर्थांनी येतो. पहिल्या ओळीतले रूट ग्रबसाठी आहे, फाइली कुठे शोधायच्या ते सांगणारे. दुसऱ्या ओळीतले कर्नलसाठी आहे, त्याला लिनक्सच्या पद्धतीचे डिव्हाइसचे नाव लागते. दोन्हींची अदलाबदल केली की काहीच चालत नाही.

नुसता बूटलोडर बिघडलेला असता तर हाताने बूट करून, आपल्याच सिस्टिमच्या आत जाऊन ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रब करणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग. लाइव्ह यूएसबी नको, चरूट (डिस्कवरची सिस्टिम हीच मूळ सिस्टिम धरून तिच्यात शिरणे) नको. तुमच्या बाबतीत मात्र एफएसटॅबही जुना आहे. सिस्टिमडी /बूट/ईएफआयचे जुने पार्टिशन ९० सेकंद शोधेल आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये टाकेल. म्हणून या वेळी लाइव्ह यूएसबीचा रस्ता सरळ पडतो.

पेन ड्राइव्हवरून उबुंटू उघडताना तो यूईएफआय पद्धतीनेच उघडा. बूट मेन्यूत एकाच पेन ड्राइव्हच्या दोन ओळी दिसतात, त्यातली यूईएफआय लिहिलेली निवडा. टर्मिनल उघडून ‘एलएस /सिस/फर्मवेअर/ईएफआय’ द्या. फोल्डर असेल तर ठीक. नसेल तर तुम्ही जुन्या बायोस पद्धतीने आला आहात. तसेच पुढे गेलात तर ग्रब-इन्स्टॉल ‘आय३८६-पीसी’साठी काम करेल आणि ईएसपीला स्पर्शही करणार नाही. रीस्टार्ट करून योग्य पद्धतीने या.

‘/काऊ’चा एरर का आला तेही सांगतो. लाइव्ह सत्रात मूळ फोल्डर मेमरीतल्या तात्पुरत्या थरावर असतो, त्याचे नाव काऊ. ग्रब-इन्स्टॉलने विचारले की ‘/बूट/ग्रब कोणत्या डिस्कवर आहे?’ आणि उत्तर कोणत्याच डिस्कचे मिळाले नाही. तुमच्या एसएसडीवर त्याने काहीच लिहिलेले नाही. त्याला एसएसडीवरची सिस्टिम हीच मूळ सिस्टिम आहे असे दाखवावे लागते, आणि त्यासाठीच चरूट.

सुडो -आय
एलएसबीएलके -एफ

दुसऱ्या कमांडच्या तक्त्यातून पार्टिशने ओळखा: व्हीफॅट लिहिलेले छोटे ते ईएसपी, ईएक्सटी४ लिहिलेले मोठे ते मुख्य. पुढे ती अनुक्रमे पी१ आणि पी२ आहेत असे धरले आहे. तुमचे क्रमांक वेगळे असतील तर बदला.

माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ /एमएनटी
माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /एमएनटी/बूट/ईएफआय

आधी मुख्य, मग ईएसपी. क्रम उलटा झाला तर ईएसपी मुख्य पार्टिशनच्या खाली झाकली जाते. आता डेव्ह, प्रोक, सिस आणि रन हे चार फोल्डर आत जोडायचे. डेव्हसाठी:

माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
माउंट --मेक-आरस्लेव्ह /एमएनटी/डेव्ह

बाकी तिघांसाठीही हीच जोडी. आरबाइंडमुळे सिसच्या पोटातले ईएफआयव्हार्स आपोआप सोबत येते, आणि फर्मवेअरमध्ये एन्ट्री लिहिण्यासाठी तेच हवे असते. दुसरी ओळ गाळू नका. तिच्याशिवाय शेवटी माउंट काढताना लाइव्ह सत्राचेच डेव्ह आणि सिस सुटते आणि टर्मिनल गोठते. ‘माउंट पॉइंट अस्तित्वात नाही’ असे आले तर आरसिंक करताना प्रोक, सिस वगैरे वगळताना त्यांचे रिकामे फोल्डरही गाळले गेले आहेत. एमकेडिरने ते बनवा. मशीन बूट होण्यासाठीही ते रिकामे फोल्डर लागतातच.

चरूट /एमएनटी /बिन/बॅश

आता तुम्ही एसएसडीवरच्या उबुंटूत आहात. पहिले काम एफएसटॅब. ‘बीएलकेआयडी’ने नवे क्रमांक मिळतात. नॅनोने /ईटीसी/एफएसटॅब उघडा आणि मुख्य पार्टिशनच्या ओळीत नवा यूयूआयडी बसवा. ईएसपीच्या ओळीतला क्रमांक लहान असतो, चार अक्षरे, मधे आडवी रेघ, पुन्हा चार अक्षरे. फॅट फाइल सिस्टिमचा क्रमांक एवढाच असतो, तो अपुरा समजू नका. बीएलकेआयडी शेजारीच पार्टयूयूआयडी दाखवते, तो वेगळा. एफएसटॅबमध्ये यूयूआयडीच्या जागी चुकून पार्टयूयूआयडी चिकटवणे ही नेहमीची चूक आहे. जुन्या डिस्कवरच्या स्वॅपची ओळ असेल तर तिच्यापुढे # द्या. वाचवून बाहेर आल्यावर:

फाइंडएमएनटी --व्हेरिफाय

ही कमांड एफएसटॅबमधली प्रत्येक ओळ तपासते आणि न सापडणारे पार्टिशन नावानिशी सांगते. एफएसटॅबला हात लावल्यावर हिच्याशिवाय मशीन रीस्टार्ट करू नये, असे माझे ठाम मत आहे. फक्त एवढे लक्षात ठेवा की यूयूआयडी जुळूनही माउंटचा फोल्डर चुकीचा असू शकतो, तो डोळ्यांनीच पाहावा लागतो.

रिझ्यूमची फाइल असेल तर तिच्यातला जुना क्रमांक काढा किंवा बदला. तो राहिला तर बूट होते, पण ‘सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइस’ची वाट बघत प्रत्येक वेळी वेळ खाते. मग या क्रमाने:

अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल
ग्रब-इन्स्टॉल
अपडेट-ग्रब

यूईएफआयमध्ये ग्रब-इन्स्टॉलला डिस्कचे नाव द्यावे लागत नाही. ती /बूट/ईएफआय शोधून काढते. पहिल्या ओळीत ‘एक्स८६_६४-ईएफआय’ प्लॅटफॉर्मचा उल्लेख आणि शेवटी ‘नो एरर रिपोर्टेड’ आले पाहिजे. या कमांडने छोटी ग्रब.सीएफजी नव्या क्रमांकासह लिहिली जाते आणि फर्मवेअरमध्ये एन्ट्री पडते. अपडेट-ग्रबने मोठी फाइल बनते. मोठी ग्रब.सीएफजी कधीही हाताने दुरुस्त करू नका. पुढच्या कर्नल अपडेटला ती नव्याने लिहिली जाते आणि तुमचा बदल पुसला जातो. बदल करायचे ते /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्ये. ती शेलची फाइल आहे, म्हणून बरोबर या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही आणि उघडलेले अवतरण चिन्ह बंद करायचे.

रीस्टार्ट करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. जुना यूयूआयडी तुमच्याकडे आहेच, ‘ग्रब>’वर पाहिलेला. तो शोधा:

ग्रेप -आर जुना-क्रमांक /ईटीसी /बूट/ग्रब /बूट/ईएफआय/ईएफआय/उबुंटू

उत्तरात काहीही यायला नको. एफएसटॅबमध्ये # लावलेली टिपणाची ओळ आली तर चालेल. दुसरे, ‘ईएफआयबूटएमजीआर -व्ही’. उबुंटूच्या ओळीत ईएसपीचा क्रमांक दिसतो, तो बीएलकेआयडीने ईएसपीसमोर दाखवलेल्या पार्टयूयूआयडीशी जुळायला हवा. तिसरे, ‘एलएस -एल /बूट’. प्रत्येक व्हीएमलिनुझसमोर त्याच आवृत्तीची इनिटआरडी आहे का, आणि तिचा आकार बाकीच्यांच्या जवळपास आहे का ते बघा. इनिटआरडी नसताना बूट केले तर कर्नल ‘अननोन-ब्लॉक(०,०)’ म्हणून पॅनिक होते. /बूट वेगळे असेल आणि ते भरले असेल तर इनिटआरडी अर्धवट लिहिली जाते. ‘डीएफ -एच /बूट’ १०० टक्के दाखवत असेल तर आधी जुनी कर्नल ऑटोरिमूव्हने काढा.

मग ‘एक्झिट’, ‘युमाउंट -आर /एमएनटी’ (इथला ‘आर’ मोठ्या लिपीतला), ‘रीबूट’.

हे सगळे नीट होऊनही अडते, त्यातल्या नेहमीच्या जागा सांगतो.

ग्रब-इन्स्टॉल ‘ईएफआय डिरेक्टरी सापडत नाही’ म्हणाले तर ईएसपी माउंट झालेली नाही. ‘ईएफआय पार्टिशनसारखे दिसत नाही’ म्हणाले तर ते पार्टिशन फॅट नाही. पार्टिशने तुम्ही स्वतः पाडली आहेत, म्हणून त्याचा प्रकारही तपासा. जीडिस्कमध्ये प्रकार ईएफ०० हवा. फॅट३२ आहे पण प्रकार साधा ‘लिनक्स फाइल सिस्टिम’ राहिला आहे, अशा पार्टिशनकडे काही फर्मवेअर बघतही नाहीत आणि काही चालवून घेतात. त्यामुळे एका मशीनवर चाललेली एसएसडी दुसऱ्यावर चालत नाही.

फर्मवेअर एन्ट्री विसरते, म्हणजे ईएफआयबूटएमजीआर ती दाखवते पण रीस्टार्टनंतर गायब होते, असे काही लॅपटॉपवर घडते. तिथे ग्रब-इन्स्टॉलला ‘--रिमूव्हेबल’ जोडा. त्याने ग्रब ‘ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय’ या ठरलेल्या पत्त्यावर बसते, आणि एन्ट्री नसली तरी फर्मवेअर तिथे जाऊन बघते. जुनी डिस्क काढल्यावरही तुमच्या मशीनने ग्रब उठवली, ती याच पत्त्यामुळे असण्याची शक्यता मोठी आहे. एन्ट्री लिहिताना ‘जागा शिल्लक नाही’ असे आले तर ती फर्मवेअरच्या स्मृतीतली जागा आहे, एसएसडीतली नव्हे. कर्नलने क्रॅशच्या नोंदी तिथे साठवलेल्या असतात. /सिस/एफएस/पीस्टोअरमधल्या फाइली काढल्या की जागा होते. ईएफआयव्हार्समधले मात्र सरसकट काहीही पुसू नका. तसे केल्याने काही लॅपटॉप कायमचे बंद पडले आहेत, आणि म्हणूनच कर्नल त्यातली बहुतेक व्हेरिएबल कुलूपबंद ठेवते.

सिक्युअर बूट (सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) चालू असेल आणि ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ दिसले तर सही नसलेली ग्रब बसली आहे. चरूटमध्ये इंटरनेट असेल तर:

एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल शिम-साइन्ड ग्रब-ईएफआय-एएमडी६४-साइन्ड

आणि पुन्हा ग्रब-इन्स्टॉल. एररमध्ये ‘एसबॅट’ हा शब्द असेल तर प्रकार वेगळा. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने फर्मवेअरमध्ये जुन्या शिमला मनाई करणारी नोंद टाकली आणि विंडोजसोबत लिनक्स असलेली बरीच मशीन अडली. तिथे सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून उबुंटूत या, ‘सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ द्या, एकदा रीस्टार्ट करून पुन्हा उबुंटूत या, शिम अपडेट करा आणि मग सिक्युअर बूट चालू करा. विंडोजवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. मोबाइलवर फोटो आहे, एवढ्यावर भागवू नका.

मेन्यूत विंडोज दिसत नसेल तर ग्रब २.०६पासून इतर सिस्टिम शोधणारे ओएस-प्रोबर मुळातच बंद असते. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ लिहा, म्हणजे डावीकडचे सगळे मोठ्या लिपीत आणि फॉल्स लहान लिपीत, आणि अपडेट-ग्रब पुन्हा चालवा.

चरूट करतानाच ‘/बिन/बॅश सापडत नाही’ आले आणि फाइल सिस्टिम बीटीआरएफएस असेल, तर सबव्हॉल्यूम न देता माउंट केले आहे. उबुंटूत ‘-ओ सबव्हॉल=@’ आणि फेडोरात ‘-ओ सबव्हॉल=रूट’ देऊन पुन्हा माउंट करा.

एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर एक बारीक फास आहे. क्रिप्टसेटअपने डिस्क उघडताना तिला जे नाव देता, ते क्रिप्टटॅबमधल्या पहिल्या रकान्यातल्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. मनाला येईल ते नाव दिले तर चरूटमध्ये सगळे ठीक दिसते, पण अपडेट-इनिटरॅमएफएसला त्या डिस्कची क्रिप्टटॅबमधली ओळ सापडत नाही, एक इशारा देऊन ती पुढे जाते, आणि बूट होताना पासवर्ड विचारलाच जात नाही. थेट ‘(इनिटरॅमएफएस)’. म्हणून आधी कोणत्याही नावाने उघडा, माउंट करून क्रिप्टटॅब वाचा, बंद करा आणि योग्य नावाने पुन्हा उघडा. क्रिप्टटॅबमधला यूयूआयडी लक्सच्या (लिनक्सच्या एन्क्रिप्शनच्या) बाहेरच्या पार्टिशनचा असतो, आतल्या ईएक्सटी४चा नाही. एलव्हीएम असेल तर मधे ‘व्हीजीचेंज -एवाय’.

लाइव्ह यूएसबीवरून एसएसडीच दिसत नसेल तर फर्मवेअरमध्ये इंटेलची रेड किंवा व्हीएमडी पद्धत चालू आहे का बघा. त्याच डिस्कवर विंडोज असेल तर ती सेटिंग घाईने बदलू नका, विंडोज निळ्या पडद्यावर जाईल.

जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनवर चित्र निराळे असते, म्हणून त्याचेही थोडे. तिथे ग्रबचा पहिला भाग डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरात असतो, त्यातले ४४६ बाइट कोडचे. गाभा त्यामागच्या मोकळ्या पट्टीत बसतो. हल्ली पहिले पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून सुरू होते, म्हणून तिथे जवळपास १ एमबी जागा मिळते. ६३व्या सेक्टरपासून सुरू होणाऱ्या जुन्या डिस्कवर जेमतेम ३१ केबी उरते आणि ‘गाभा मावत नाही’ असा एरर येतो. जीपीटी डिस्कवर ही पट्टी नसते, म्हणून १ एमबीचे ईएफ०२ प्रकारचे, फॉरमॅट न केलेले पार्टिशन लागते.

अशा मशीनवर विंडोजमधून एखादे पार्टिशन उडवले की पुढच्यांचे क्रमांक सरकतात, गाभ्यात कोरलेला क्रमांक चुकतो आणि ‘ग्रब रेस्क्यू>’ येते. तिथे चारच कमांड चालतात: एलएस, सेट, अनसेट, इन्समॉड. टॅबने नाव पुरे होत नाही, सगळे हाताने लिहायचे.

सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस६)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

मेन्यू येतो. आत जाऊन ‘ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ करा. नाव संपूर्ण डिस्कचे, मागे पार्टिशनचा आकडा नाही. एसडीए१ दिले तर ग्रब पार्टिशनच्या माथ्यावर बसते, बायोस मात्र डिस्कचा माथा वाचते. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर बायोस कोणत्या डिस्कवरून सुरू करते ते आधी पाहा. जुलै २०२०मध्ये ग्रबची सुरक्षा अपडेट आली, तेव्हा ‘ग्रब_कॅलॉक सापडत नाही’ म्हणून अनेक मशीन बंद पडली, त्याचे मूळ इथेच होते. मॉड्यूल नवी झाली आणि गाभा भलत्याच डिस्कवर लिहिला गेला. ज्या डिस्कवरून मशीन उठत होते तिच्यावरचा गाभा जुनाच राहिला. ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी’मध्ये योग्य डिस्कवर खूण केली की पुढच्या अपडेटलाही तीच वापरली जाते.

फेडोरा असेल तर वरचे आंधळेपणाने करू नका. यूईएफआय फेडोरात ग्रब२-इन्स्टॉल चालवायचेच नसते. शिम आणि ग्रब२-ईएफआयची पॅकेजे डीएनएफ रीइन्स्टॉलने पुन्हा बसवतात. मेन्यू ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी’ने बनतो. फेडोरा ३४पासून ईएसपीवरची ग्रब.सीएफजी छोटी वाट दाखवणारी फाइल आहे. जुन्या सूचनांप्रमाणे तिच्यावर मोठी फाइल लिहिली तर नवे कर्नल मेन्यूत येताना गोंधळ होतो. कर्नलच्या ओळी /बूट/लोडर/एन्ट्रीजमध्ये असतात आणि जुना यूयूआयडी तिथेही शोधावा लागतो.

तुमच्या जुन्या डिस्कबद्दल. नव्या एसएसडीवरून निदान दोन-तीनदा पूर्ण बूट होऊन ‘फाइंडएमएनटी /’ने एनव्हीएमईचे नाव दाखवेपर्यंत ती पुसू नका. तुम्ही आरसिंक वापरले म्हणून दोन्ही डिस्कचे क्रमांक वेगळे आहेत आणि त्या एकत्र लावल्या तरी घोळ होत नाही. डीडीने हुबेहूब नक्कल केली असती तर दोन्हींचा यूयूआयडी एकच राहिला असता, आणि दोन्ही जोडून सुरू केल्यावर मशीन जुन्या डिस्कवरूनच चालू शकले असते, तुम्हाला पत्ताही न लागता. सगळे सुरळीत झाले की ईएफआयबूटएमजीआरच्या यादीत जुन्या डिस्कची मेलेली एन्ट्री उरेल. तिचा चार आकडी क्रमांक बघा आणि ‘ईएफआयबूटएमजीआर -बी क्रमांक -बी’ने काढा, पहिला ‘बी’ लहान लिपीतला, दुसरा मोठ्या.